काळा झगा आणि आतला माणूस

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. वेळेअभावी गाळलेले काही मुद्दे इथे घातले आहेत.)



आजच्या बैठकीचं निमंत्रण गेल्यावर मला दोन प्रकारचे फोन आले. पहिल्या फोनांचा सूर असा होता : "अगं, तू प्रथिनांवर काम करतेस, त्यावर बोल की. हे रॉक बँडचं मध्येच काय काढलंस?" दुसरा सूर जरा गंभीर होता : "आपला मंच विवेकवादी. आपण भुताखेतांच्या विरोधात बोलतो. मग वटवाघळं आणि रक्तपिपासू सरदार यांच्यावर गाणी करणाऱ्या मंडळींचं आपल्या व्यासपीठावर काय काम?"

दुसऱ्या शंकेला आधी उत्तर देते. भूत आहे असं सांगून कुणाला फसवणं वेगळं आणि तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे तोंडाला रंग फासून भुताचं सोंग आणणं वेगळं. बुवाबाजी करणारा आपलं सोंग लपवतो. नट ते उघड दाखवतो. सोंगाला सोंग म्हणून ओळखता येणं ही तर विवेकाची पहिली पायरी. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि तेच मतकरी नर्मदा आंदोलनाच्या बाजूनेही उभे राहिले. यात विसंगती वाटायचं काही कारण नाही.

पहिल्या शंकेला उत्तर असं, की हा विषय माझ्या कामापासून वाटतो तितका लांब नाही. प्रयोगशाळेत दिवसभर छोट्या छोट्या नळ्यांवर लेबलं लावणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. लेबल कशासाठी लावायचं? तर आत काय आहे हे पाहायला दरवेळी नळी उघडावी लागू नये म्हणून. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये हजार नळ्या असतील तर लेबलाशिवाय काम अशक्य. पण लेबल म्हणजे आतला पदार्थ नव्हे, हेही प्रत्येक संशोधकाला माहीत असतं. शंका आली की नळी उघडून तपासायची. माणसांच्या बाबतीत ही दुसरी पायरी आपण विसरतो. आज ज्या बँडबद्दल बोलणार आहे त्याची सगळी कारकीर्द म्हणजे एका लेबलाची गोष्ट आहे.

बँडचं नाव बाउहाउस. गाव नॉर्थॅम्प्टन. एम-वन मोटरवेने जाता-येता आपण सगळ्यांनी ही पाटी पाहिलेली आहे. बूट बनवणाऱ्या कारखान्यांसाठी हे गाव ओळखलं जायचं. लंडनचा झगमगाट तिथे नव्हता. १९७८ साली तिथल्या चार तरुणांनी हा बँड काढला. गिटारवर डॅनिएल ॲश, बासवर डेव्हिड हॅस्किन्स (पुढे हा डेव्हिड जे म्हणून ओळखला गेला), ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ केव्हिन, आणि गायला पीटर मर्फी. मर्फी हा ॲशचा शाळेपासूनचा मित्र. तो छापखान्यात नोकरी करत होता आणि गाण्याचा, गीतं लिहिण्याचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हता. पण उंच, हडकुळा, गालफडं बसलेली. रंगमंचावर हा माणूस शोभेल असं ॲशला वाटलं. म्हणजे त्याची निवडही आधी चेहऱ्यावरूनच झाली म्हणायची.

सुरुवातीला त्यांनी नाव घेतलं 'बाउहाउस १९१९'. जर्मनीतल्या वायमार गावी १९१९ साली वॉल्टर ग्रोपिउसने सुरू केलेल्या कलाशाळेचं हे नाव. पुढे त्यातला आकडा गळाला. त्या शाळेत ऑस्कर श्लेमर नावाचा कलावंत नाट्यविभाग सांभाळत असे. त्याने १९२२ साली काढलेलं, सरळ रेषांतून बनलेलं चेहऱ्याचं चिन्ह या मुलांनी बँडचं चिन्ह म्हणून घेतलं. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शाळेची ओळख साधेपणासाठी, नक्षीकामाला फाटा देण्यासाठी. आणि तिच्या नावाचा बँड पुढे ज्या पंथाचा मूळपुरुष ठरला, त्या पंथाची ओळख मखमल, लेस, काजळ आणि चांदीच्या क्रुसांसाठी! पण रंगमंचावरचा बाउहाउस बँड खरोखर त्या शाळेच्या जवळचा होता. रंगीबेरंगी दिव्यांऐवजी भगभगीत पांढरा प्रकाश, मोठमोठ्या सावल्या, आणि त्या प्रकाशात मर्फीच्या कोनाकोनात मोडणाऱ्या हालचाली. जुने जर्मन मूकपट ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल.

पहिला कार्यक्रम झाला ३१ डिसेंबर १९७८ रोजी, शेजारच्या वेलिंगबरो गावातल्या एका पबमध्ये. त्यानंतर चार आठवडेही झाले नव्हते तेव्हा, २६ जानेवारी १९७९ रोजी, त्याच गावातल्या बेक स्टुडिओत त्यांनी पहिलं ध्वनिमुद्रण केलं. त्यात एक गाणं होतं 'बेला लुगोसीज डेड', म्हणजे 'बेला लुगोसी मेला आहे'. लांबी साडेनऊ मिनिटं. रेडिओवर वाजणारी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असायची, हे लक्षात घ्या. शब्द सुरू व्हायलाच कितीतरी वेळ लागतो. स्मॉल वंडर या छोट्या कंपनीने ते ऑगस्ट १९७९ मध्ये बाजारात आणलं. बीबीसीवर जॉन पील यांनी ते वाजवलं. मुख्य विक्री-यादीत ते वर चढलं नाही, पण छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत दीर्घकाळ टिकून राहिलं. पुढे गॉथिक रॉक म्हणून जो प्रकार ओळखला गेला त्याची सुरुवात बहुतेक लोक या गाण्यापासून धरतात.

आता ही नळी जरा उघडून पाहू. लेबलावर लिहिलंय 'गॉथिक'. म्हणजे जुनी युरोपीय चर्चेस, पडके किल्ले, गोरे फिकट चेहरे. आत काय सापडतं? सगळ्यात आधी सापडतो जमैका. हे गाणं बांधलं आहे 'डब'च्या रीतीवर. डब म्हणजे किंग्स्टनमधल्या स्टुडिओंत जन्मलेली पद्धत : गाण्यातला गायकाचा आवाज काढून घ्यायचा, ढोल आणि बास पुढे आणायचे, मधेच एखादा ठोका प्रतिध्वनीच्या यंत्रात सोडून द्यायचा आणि तो विरत जाताना ऐकत राहायचं. या पद्धतीच्या जनकांपैकी एक किंग टबी, हा मुळात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांबरोबर त्यांचं संगीत आलं आणि सत्तरच्या दशकात ते इथल्या गोऱ्या पोरांच्याही कानांत बसलं. ते पछाडलेलं, भुताटकीसारखं वाटणारं प्रतिध्वनीचं वातावरण स्थलांतरितांच्या संगीतातून आलेलं आहे. वरचं लेबल वाचून हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

आत सापडणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः बेला लुगोसी. हा कोण, हे थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यासारख्या देश सोडून आलेल्या लोकांना त्यात बरंच घेण्यासारखं आहे.

लुगोसीचा जन्म १८८२ सालचा, त्या वेळच्या हंगेरीतल्या लुगोश गावचा. ते गाव पुढे रुमानियात गेलं. आडनाव ब्लास्को, नाटकात गेल्यावर गावावरून लुगोसी केलं. आपल्याकडे पुणेकर, कोल्हापुरे म्हणतो तसंच. पहिल्या महायुद्धात तो लढला, जखमी झाला. १९१९ साली हंगेरीत काही महिने कम्युनिस्टांचं सरकार होतं. त्या धामधुमीत नटांची संघटना बांधण्यात लुगोसी पुढे होता. सरकार कोसळलं, सूडसत्र सुरू झालं आणि त्याला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन, तिथून १९२० च्या अखेरीस अमेरिका. त्याच पराभवानंतर हंगेरीतून व्हिएन्नामार्गे बर्लिनला गेलेला आणखी एक कलावंत होता लास्लो मोहोली-नॉज. तो पुढे खऱ्या बाउहाउस शाळेत शिक्षक झाला. नॉर्थॅम्प्टनच्या पोरांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण १९१९ हे साल त्यांच्या नावात होतं आणि गाण्याच्या नायकाच्या आयुष्यातही होतं.

अमेरिकेत लुगोसीला सुरुवातीला इंग्रजी धड येत नव्हतं. संवाद नुसत्या उच्चारावरून पाठ करून त्याने नाटकात काम केलं. १९२७ मध्ये ब्रॉडवेवर 'ड्रॅक्युला'ची भूमिका मिळाली, १९३१ मध्ये त्याच भूमिकेचा सिनेमा आला आणि तो जगभर गाजला. खांद्यावरून लोंबणारा काळा झगा, मागे चापून बसवलेले केस, आणि ते जड, रेंगाळणारे उच्चार. ड्रॅक्युला म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे जे येतं ते लुगोसीचं आहे.

गंमत बघा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला हा इंग्लंडला येऊ पाहणारा परदेशी आहे. तो इंग्रजी पुस्तकं वाचून भाषेची तयारी करतो. आपण तोंड उघडल्याबरोबर लोकांनी आपल्याला परका म्हणून ओळखू नये, ही त्याची काळजी आहे. ही काळजी या खोलीतल्या किती जणांना ओळखीची वाटते? इंग्रज वाचकाला या माणसाचं भय वाटतं त्यात त्याच्या दातांचा भाग किती आणि परकेपणाचा किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि हॉलिवूडने ही भूमिका दिली ती उच्चार लपवता न येणाऱ्या एका निर्वासिताला.

ज्या उच्चारांनी लुगोसीला प्रसिद्धी दिली त्यांनीच पुढे बाकीची दारं बंद केली. बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात काम केलेला हा नट. त्याला आता वेडे शास्त्रज्ञ, खुनी आणि रक्तपिपासू याखेरीज फारसं काही मिळेना. शेवटी शेवटी अगदी हलक्या सिनेमांत कामं करावी लागली. दुखण्यावरच्या औषधांचं व्यसन लागलं. १९५५ मध्ये त्याने स्वतःहून इस्पितळात दाखल होऊन उपचार घेतले. १६ ऑगस्ट १९५६ रोजी तो गेला आणि त्याला ड्रॅक्युलाचा झगा घालूनच पुरण्यात आलं.

गोष्ट तिथेही संपली नाही. युनिव्हर्सल कंपनी ड्रॅक्युलाच्या रूपातला त्याचा चेहरा बाहुल्यांवर, खेळण्यांवर वापरायला परवाने देत होती. त्याच्या पत्नीने आणि मुलाने दावा लावला की हा चेहरा आमच्या माणसाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कुटुंबाच्या विरोधात : आपल्या चेहऱ्याचा असा व्यापारी वापर करण्याचा हक्क त्याने हयातीत बजावला नव्हता, म्हणून तो वारसांकडे जात नाही. निकालाचं साल १९७९. तेच, ज्या साली नॉर्थॅम्प्टनच्या चार पोरांचं गाणं आलं. पुढे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून वारसांना असा हक्क दिला.

आता त्या गाण्याच्या नावाकडे पुन्हा बघा. ड्रॅक्युला मेला असं ते म्हणत नाही. बेला लुगोसी मेला असं म्हणतं. नट मरतो, भूमिका मरत नाही. माझ्या मते त्या गाण्यातली खरी भीती वटवाघळांची नाहीच. माणूस संपतो आणि त्याच्यावर मारलेला शिक्का उरतो, ही ती भीती आहे. आणि वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलांच्या बाबतीत नेमकं तेच घडलं.

१९८० मध्ये फोर-एडी या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला, 'इन द फ्लॅट फील्ड'. इंग्रजी संगीत-साप्ताहिकांनी त्याची चांगलीच सालटी काढली. सगळा देखावा, सगळी पोझ, बोवीची नक्कल, असा एकंदर सूर. लोकांनी मात्र विकत घेतला. १९८१ मध्ये 'मास्क' आला. याच्या वेष्टनावरचा मजकूर लिहिला होता नॉर्थॅम्प्टनच्याच ॲलन मूर यांनी. 'व्ही फॉर व्हेंडेटा' ही हुकूमशाहीविरोधी चित्रकथा लिहिणारे ते हेच मूर. डेव्हिड जेने पुढे १९८४ मध्ये त्या चित्रकथेवर संगीतही केलं. 'मास्क'मध्ये फंक आहे, सॅक्सोफोन आहे, चक्क नाचण्यासारखी गाणी आहेत. १९८२ मध्ये 'द स्काय्ज गॉन आउट' विक्रीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी त्यांनी डेव्हिड बोवीचं 'झिगी स्टारडस्ट' गाऊन दाखवलं. नक्कल म्हणता काय, घ्या मग, असा त्याचा बाणा. ते पंधराव्या क्रमांकावर पोहोचलं आणि 'टॉप ऑफ द पॉप्स'वर झळकलं.

या काळाचं भान असू द्या. मे १९७९ मध्ये थॅचरबाई सत्तेवर आल्या. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. कारखान्यांच्या गावांतल्या तरुणांपुढे फारसं काही नव्हतं. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब निघाला. काळे कपडे, पांढरा रंग, काजळ लावलेली मुलं-मुली तिथे जमू लागली. मुलांनी काजळ लावलं तर हसणारं कुणी नाही, असं एक ठिकाण. या सगळ्यांना मिळून 'गॉथ' हे नाव पडलं. आणि त्यांचे कुलदैवत कोण? तर बाउहाउस. चारही जण या शिक्क्याला वैतागलेले होते. आम्ही डब केलं, फंक केलं, ग्लॅम केलं, पण तुम्ही आम्हाला एका गाण्यात कोंबता, ही त्यांची तक्रार अनेक वर्षं राहिली. पण शिक्का मारणारा आतल्या माणसाला विचारून मारत नसतो.

१९८३ मध्ये टोनी स्कॉट यांचा 'द हंगर' हा रक्तपिपासूंचा सिनेमा आला. काम करणारे कॅथरिन डनव्ह, सुझन सरँडन आणि खुद्द डेव्हिड बोवी. सिनेमाची सुरुवातच बाउहाउसच्या 'बेला लुगोसीज डेड'ने होते. पण कॅमेरा जवळजवळ फक्त मर्फीच्या चेहऱ्यावर खिळलेला. मागचे तिघे असून नसल्यासारखे. चौघांचं काम, चेहरा एकाचा. त्याआधी मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतही मर्फी एकटाच झळकला होता. बँडमध्ये कुरबुर वाढली. त्यातच मर्फीला न्यूमोनिया झाला आणि पुढच्या अल्बमचं बरंचसं काम उरलेल्या तिघांनी केलं, काही गाणीही ॲश आणि डेव्हिड जे यांनीच गायली. ५ जुलै १९८३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले इथे कार्यक्रम करून बँड मोडला. शेवटचा अल्बम 'बर्निंग फ्रॉम द इनसाइड' त्याच महिन्यात बाजारात आला. एकूण हिशेब काय? साडेचार वर्षं आणि चार अल्बम.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मर्फीवाचून उरलेल्या तिघांनी 'लव्ह अँड रॉकेट्स' नावाने नवा बँड काढला. १९८९ मध्ये त्यांचं 'सो अलाइव्ह' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. बाउहाउसला अमेरिकेत असं यश कधीच मिळालं नव्हतं. मर्फीचं 'कट्स यू अप' हे गाणंही १९९० मध्ये तिथे गाजलं. आयरिश कॅथलिक घरातला हा माणूस नंतर पत्नीच्या देशात, तुर्कस्तानात, राहायला गेला. इस्लाम आणि सूफी विचाराकडे वळला. २००२ च्या 'डस्ट' या अल्बममध्ये त्याने तुर्की वादकांबरोबर काम केलं. म्हणजे चौघांनीही स्वतःला बदललं, नवं काही उभं केलं.

पण १९९८ मध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा लोक कशासाठी आले? पहिल्या गाण्यासाठी. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात मर्फी रंगमंचावर आला तो वटवाघळासारखा उलटा टांगलेला, आणि तसाच लटकत त्याने 'बेला लुगोसीज डेड' गायलं. वय ४७. काहींना हे दृश्य पोरकट वाटलं असेल. मला ते पाहताना लुगोसीचा झगा आठवतो. फरक इतकाच, की मर्फीने तो जिवंतपणी, आपल्या मर्जीने आणि चेष्टेच्या सुरात अंगावर घेतला. २००८ मध्ये पंचवीस वर्षांनी नवा अल्बम आला, 'गो अवे व्हाइट', तोही अठरा दिवसांत ध्वनिमुद्रित केलेला. त्या वेळी पुन्हा फाटाफूट झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये मर्फीला हृदयविकाराचा झटका आला. तरी त्याच नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले. २०२२ मध्ये एक नवं गाणं आणि दौरा झाला. मर्फी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाल्यामुळे उरलेला दौरा रद्द करावा लागला. लुगोसीनेही आयुष्याच्या शेवटी हाच रस्ता धरला होता. असा उपचार घेणं लाजेचं नाही, दोघांच्याही बाबतीत ते धैर्याचंच म्हटलं पाहिजे.

इथवर कलावंतांचं झालं. शिक्क्याने त्यांचं नुकसान झालं, पण त्याच शिक्क्यावर ते जगलेही. ज्याला शिक्क्याचे पैसे मिळत नाहीत, नुसती झळ बसते, त्याचं काय?

११ ऑगस्ट २००७ च्या पहाटे लँकेशायरमधल्या बेकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. आधी त्याला मारलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याला वाचवत होती, तेव्हा तिला मारलं. २४ ऑगस्टला ती गेली. दोघांचा गुन्हा काय? ते गॉथ होते, तसे दिसत होते. २००८ मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा देताना हा द्वेषातून झालेला गुन्हा मानला. तिच्या आईने हा विषय लावून धरला, आणि एप्रिल २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा गटांवरचे हल्ले द्वेषगुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. वंश, धर्म, लैंगिकता, अपंगत्व यांच्या जोडीला.

वंशद्वेषाविरुद्ध आपण हिरिरीने बोलतो, कारण तो आपल्याला भोगावा लागतो. सोफीसारख्यांबद्दल आपण तितक्या लगेच बोलत नाही. आपल्या मनात कुठेतरी असतं, की कातडीचा रंग बदलता येत नाही, पण कपडे तर बदलता येतात. मग घालायचे कशाला असले कपडे? हा युक्तिवाद आपण नीट तपासला पाहिजे. साडी, कुंकू, पगडी, हिजाब यांच्याबाबतही इथले काही लोक हेच म्हणतात. त्यांना आपण जे उत्तर देतो तेच उत्तर इथेही लागू पडतं.

आपल्याच घरात बघा. एका दिवाळीच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीची सोळा वर्षांची मुलगी काळा पोशाख, काळं लिपस्टिक, काळी नखं अशी आली होती. गाते उत्तम, गणितात हुशार. पण फराळाच्या टेबलाभोवती कुजबूज एकच : "हिला काही झालंय का? डिप्रेशन वगैरे? घरी सगळं ठीक आहे ना?" शुभप्रसंगी काळं कसं, हाही मुद्दा निघाला. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकू लुटणाऱ्या बायकांनी तो काढला, ही त्यातली मौज. तिच्या कानातलं काय वाजतंय हे मात्र कुणी विचारलं नाही. मुलांच्या मनाची काळजी जरूर करावी, पण ती पोशाख पाहून नव्हे, तर मुलांशी बोलून करावी.

शिक्का आणि माणूस यांतलं अंतर मराठी माणसाला शिकवायला खरं तर इंग्लंडला यायची गरज नाही. आपल्याकडे निळू फुले होऊन गेले. पडद्यावरचा बेरकी पाटील, बायाबापड्यांवर नजर ठेवणारा सरपंच. तो त्यांनी असा वठवला की खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना प्रत्यक्षात पाहिलं तरी बिचकत. आणि खरे निळूभाऊ कोण? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले, पुण्यात माळ्याचं काम केलेले, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसोबत राबणारे. २००९ मध्ये ते गेले तेव्हा अनेकांना हा दुसरा माणूस पहिल्यांदा कळला. ज्यांनी आधीच ओळख करून घेतली होती, त्यांना तो केव्हाचाच भेटला होता.

आणि आपण स्वतः? परदेशात आलेला शिकलेला मराठी माणूस हाही एक शिक्का आहे. गणितात चांगले, भांडत नाहीत, कर वेळेवर भरतात. हा शिक्का चांगला आहे म्हणून आपण तो मिरवतो. पण 'चांगले स्थलांतरित' हे लेबल आपल्याला लागतं तेव्हा 'वाईट स्थलांतरित' हे लेबल दुसऱ्या कुणाला तरी लागलेलं असतं. ज्यांच्या संगीतातून हा सगळा अंधारा, सुंदर प्रकार उभा राहिला त्या जमैकन शेजाऱ्यांना ते अनेकदा लागलं आहे. चांगल्या लेबलाचाही झगाच होतो. लुगोसीलाही त्याचा झगा आधी यशासारखाच वाटला असणार.

तेव्हा मंचापुढे दोन गोष्टी ठेवते. एक : आपल्या तरुण मुलांच्या सत्रात एकदा त्यांनाच त्यांचं संगीत घेऊन बोलवावं, त्यांनी वाजवावं आणि समजावून सांगावं, आपण ऐकावं. मधे सल्ला देऊ नये. दोन : द्वेषगुन्ह्यांविरुद्धच्या आपल्या कामात वेशामुळे, राहणीमुळे मार खाणाऱ्यांचाही समावेश करावा. दोन्हींवर आता चर्चा होऊ दे. आणि ज्यांना ते साडेनऊ मिनिटांचं गाणं ऐकायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावं. पहिली तीन मिनिटं धीर धरावा लागेल, एवढं आधीच सांगून ठेवते.